कोयनेचे मासे : टनांत मोजायचे की जातींत?

कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९६४ पर्यंत धरण बांधून पूर्ण झालं. तेव्हापासून या धरणावर भूकंप, विस्थापन आणि पाणीवाटप अशा सगळ्या अंगांनी वाद झाले. नदीतच जन्मून नदीतच मरणाऱ्या माशांवर मात्र फार कमी बोललं गेलं. खालच्या संवादात एका बाजूला कोयनानगर आणि पोफळीत नोकरी करून निवृत्त झालेले अभियंते आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांची पुतणी मृण्मयी आहे, ती कराडला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दोघंही कल्पित आहेत. नदी, धरण आणि मासे मात्र खरे.

काका : तुम्हा लोकांचं वाक्य मला पाठ आहे. धरण आलं आणि मासे गेले. मी तर जलाशयाच्या काठाला होड्या भरून मासळी उतरताना पाहिलीय.

मृण्मयी : मीही पाहिलीय. मासे गेले असं मी म्हणतच नाही. कोणते आले आणि कोणते गेले, एवढंच विचारते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या धरणाकाठचा मासळीबाजार घ्या. पाटीत कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी. पहिले तीन गंगेच्या खोऱ्यातून आणून सोडलेले, चौथी आफ्रिकेतली. त्यांचं वजन करायचं, ‘मत्स्योत्पादन वाढलं’ असं लिहायचं आणि तो आकडा नदीच्या जमेला धरायचा, याला माझी हरकत आहे.

काका : का बरं? ज्याची जमीन पाण्याखाली गेली, त्याच्या पोराला त्याच कटल्यानं रोजी दिली. मासा गंगेचा की कोयनेचा, हे त्याला विचारून बघ.

मृण्मयी : त्याचा हिशेब खराच आहे. रोजगाराच्या रकान्यात तो जरूर लिहा. पण नदीतल्या मूळ माशांचं काय झालं, या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. मत्स्यबीज केंद्रातून दरवर्षी बोटुकली आणायची, सोडायची, मोठी झाली की पकडायची. यातून तळं किती मासे पोसू शकतं ते कळेल. नदी स्वतः पिल्लं देते आहे का, ते कसं कळणार?

काका : मग तुझे ते मूळ मासे कोणते, नावं तरी सांग. मला म्हसीर, वाम आणि मरळ एवढेच ठाऊक.

मृण्मयी : ते मोठे, म्हणून ठाऊक. बाकीचे बरेचसे बोटाएवढे. मळ्या घ्या. त्याच्या तोंडाच्या खालच्या बाजूला चकती असते, ती दगडाला चिकटवून तो धारेत टिकून राहतो. ग्लिप्टोथोरॅक्स नावाचे मिशावाले छोटे मासे छातीवरच्या वळ्यांनी खडकाला धरून असतात. मुऱ्या गोट्यांच्या फटीत राहतात. या सगळ्यांना वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि तळाला मोकळे गोटे लागतात. कोयनेत पन्नासहून अधिक जातींची नोंद आहे, त्यांतल्या काही पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाहीत. बाजारात त्यांना किंमत नाही, म्हणून उत्पादनाच्या तक्त्यात त्या कधी दिसत नाहीत.

काका : ही नोंद कधीची?

मृण्मयी : सविस्तर यादी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

काका : म्हणजे धरण झाल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी! अगं, भिंतीचा तडा वाढला असं म्हणायचं तर तडा पहिल्यांदा दिसला त्या दिवशीचं माप लागतं. ते घेतलंच नाही तर वाढला कशावरून? ‘धरणामुळे मासे कमी झाले’ हे तुमचं विधान मला तसंच बिनमापाचं वाटतं.

मृण्मयी : या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. कोयनेच्या बाबतीत आधीचं माप जवळजवळ नाहीच. पुण्याच्या नद्यांचं आहे. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या लोकांकडून त्यानं मासे घेतले आणि नावंही त्यांच्याच बोलीतली ठेवली. मळ्याचं शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्या’ आहे. शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझरनं पुण्याच्या माशांची यादी केली. पुढेही याद्या होत राहिल्या. त्या एकापुढे एक ठेवल्या की कोणती जात दिसेनाशी झाली ते कळतं.

काका : आणि तो दोष मुळशीच्या धरणाचा?

मृण्मयी : तिथंच घाई होते. मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी आलं, वाळूउपसा झाला, परके मासे आले, खडकवासल्यापासून एकामागून एक धरणं झाली. हे सगळं एकाच काळात घडलं. यादीतून एक नाव गळालं म्हणून ते थेट वीजप्रकल्पाच्या नावावर टाकणं चूक आहे.

काका : हे तू कबूल केलंस ते बरं झालं. जिलेटिनच्या कांड्या टाकून डोह साफ करणारे, रामेठ्याची साल ठेचून पाणी मारणारे, त्यांच्यावर कुणी अहवाल लिहीत नाही. आणि धरणाच्या डोक्यावर सगळं खापर.

मृण्मयी : कबूल आहे. पण यातून धरण निर्दोष ठरत नाही, तुलना नीट करायला हवी एवढंच ठरतं. आधीचं माप नसेल तर शेजारचं माप घ्यायचं. जलाशयाच्या वरच्या अंगाला कांदाटी आणि सोळशी अजून वाहत्या आहेत. धरणाच्या भिंतीखालचा पट्टा आहे. मग पाटणला केरा येऊन मिळते, पुढे मोरणा येते. वाहते ओढे, भिंतीखालचा पट्टा आणि उपनद्या मिळाल्यानंतरचा पट्टा, या तिन्ही ठिकाणी सारखंच जाळं, सारखाच वेळ, सारखाच हंगाम ठेवायचा. धरणाचा परिणाम खरा असेल तर भिंतीला लागून तो सगळ्यात जास्त दिसेल आणि खाली जावं तसा उतरत जाईल. सांडपाण्याचा परिणाम गावागावाला वाढत जातो. दोघांच्या खुणा निराळ्या असतात.

काका : दोन नद्या कधी सारख्या नसतात. कांदाटीचा चढ वेगळा, कोयनेचा वेगळा.

मृण्मयी : म्हणून एका ओढ्यावर भागत नाही, अनेक घ्यावे लागतात. शिवाय काही जागा समाजानंच राखून ठेवल्यात. महाडजवळचं वाळण कोंड किंवा वाड्याकडचं तिळसे इथं देवाचे मासे म्हणून कुणी मारत नाही. ते आपल्या खोऱ्यातले नव्हेत, पण मासेमारी वजा केली की डोह कसा दिसतो, ते तिथं कळतं.

काका : आता माझ्या विषयावर ये. परदेशातल्या अहवालांत पहिलं प्रकरण टर्बाइनचं असतं. मासे पाण्याबरोबर आत ओढले जातात आणि मरतात. पोफळीच्या वीजगृहाला पाणी साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून येतं. दर दहा मीटरला एक वातावरण दाब धरलास तर चाकाजवळ पंचेचाळीस पट झाला. पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टनची चाकं आहेत, नोझलमधून पाण्याचा भाला सुटतो. तिथं मासा वाचेल असं मी म्हणणार नाही. पण मला सांग, दगडाला चिकटून राहणारा तुझा मळ्या जलाशयाच्या खोल पाण्यात, बोगद्याच्या तोंडापाशी कशाला येईल?

मृण्मयी : येणार नाही. म्हणजे टर्बाइनमध्ये किती मासे मेले, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न नव्हेच. आत गेलेच तर बहुधा जलाशयात राहणारे, उघड्या पाण्यातले मासे जातील. परदेशी तक्ता जसाच्या तसा भरला तर या मुद्द्यावर ‘परिणाम नगण्य’ असा शेरा येईल आणि खरं नुकसान तक्त्याबाहेर राहील.

काका : तसंच दुसरं. जलाशयाची पातळी उतरली की काठावरची अंडी उघडी पडतात, असं वाचलंय. पण आपले मासे अंडी घालतात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आमची पातळी चढते. २१६३ फुटांकडे जात असते.

मृण्मयी : बरोबर. तोही मुद्दा इथं तपासून मगच लिहायचा.

काका : मग नुकसान राहिलं कुठं? तुझे मासे हिलशासारखे समुद्रातून येत नाहीत. १९७५ ला फराक्का झालं आणि वर अलाहाबादेकडे हिलसा दिसेनासा झाला, ते मला पटतं. तो प्रवासीच. पण जो मासा जन्मभर एकाच नदीत राहतो, त्याला मध्ये भिंत असली काय नि नसली काय?

मृण्मयी : सगळे तिथंच चुकतात. निवासी मासा म्हणजे जागचा न हलणारा मासा नव्हे. मृगाचा पहिला पूर आला की चढणीचे मासे ओढ्यात, खाचरांत शिरतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. तो प्रवास पाच-दहा किलोमीटरचा असेल, कधी काही शे मीटरचा. पण अंडी तिथंच पडतात. उन्हाळ्यात तोच मासा खोल डोहात तग धरतो. म्हणजे त्याला डोह हवा, ओढा हवा आणि दोघांमधली वाट हवी. यातलं एक काढून घेतलं तरी पुरे.

काका : जलाशयाच्या वर हे तिन्ही आहेत की.

मृण्मयी : आहेत, पण तुटक. पूर्वी कांदाटीतली मुरी आणि सोळशीतली मुरी कोयनेच्या पात्रातून एकमेकींकडे जाऊ शकत होत्या. आता दोघींच्या मध्ये शिवसागर जलाशय आहे. खोल, थांबलेलं पाणी, तळाला गाळ आणि मोठे शिकारी मासे. धारेत वाढलेल्या माशाला ते तळं ओलांडणं भिंतीइतकंच अवघड. एखाद्या वर्षी एका ओढ्यात दरड कोसळली किंवा कुणी विष टाकलं, तर तिथं पुन्हा मासे यायला शेजारच्या ओढ्यातून वाट उरली नाही. धरणानं नदी अडवली हे नकाशावर दिसतं. जलाशयानं ओढे एकमेकांपासून तोडले, ते दिसत नाही.

काका : हं. हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण भिंतीखाली काय? उलट खाली आम्ही पाणी वाढवलंय. पूर्वी मे महिन्यात कोयना ठिकठिकाणी डबकी व्हायची. आता पायथ्याच्या वीजगृहातून सिंचनाला पाणी सुटतं, कराड-सांगलीपर्यंत नदी वाहती राहते. माशाला पाणी जास्त मिळालं, हे नुकसान?

मृण्मयी : उन्हाळ्यात जास्त मिळालं, हे खरंच आहे, आणि वाम-मरळीसारख्यांना त्याचा फायदाही झाला असेल. पण जूनमध्ये काय होतं? वर नवजा गावाकडे पाऊस कोसळत असतो आणि तुम्ही पाणी अडवत असता.

काका : मग? धरण भरायचं कधी? कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिलंय. सिंचनाचं वेगळं. पहिल्या पावसात दारं उघडली तर लोक आम्हाला वेड्यात काढतील.

मृण्मयी : काढतील. पण माशाच्या अंगानं बघा. अंडी धरलेली मादी ज्या लोंढ्याची वाट बघते तो भिंतीखालच्या पट्ट्यात वेळेवर येतच नाही. जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये येतो, तोही दारं उचलून एकदम. आणि एरवी सुटणारं पाणी जलाशयाच्या खोलातलं असेल तर ते थंड आणि प्राणवायू कमी असलेलं असतं. शिवाय वरून येणारा गोटा-वाळू जलाशयात अडकते. खालचं पात्र हळूहळू धुऊन निघतं आणि अंडी चिकटायला लागणारे मोकळे गोटे उरत नाहीत. पश्चिमेकडे वळवल्यानं वर्षाचं एकूण पाणी तर कमी झालंच, शिवाय नदीचं पंचांगही बदललं.

काका : केरा-मोरणेचा लोंढा तर वेळेवर येतो.

मृण्मयी : म्हणूनच पाटणच्या वर आणि खाली वेगळं मोजायचं. तिथं फरक दिसला नाही तर माझं म्हणणं मी मागे घेईन.

काका : बघ हं, हे मी लिहून ठेवतो! पण एक सांग, तुटलेलं जोडताही येतं ना? लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर १९७० च्या दशकापासून म्हसीरची पैदास चालते. लाखांनी पिल्लं तयार केली. म्हसीर संपणार असं सगळे म्हणत होते, आता आंतरराष्ट्रीय यादीत दख्खनच्या म्हसीरला धोक्याबाहेर धरलंय. धरणवाल्यांनी एक मासा वाचवला, याचं श्रेय देशील की नाही?

मृण्मयी : देईन. त्या कामाला तोड नाही. पण त्याचा पुढचा भागही सांगते. हीच पिल्लं कावेरीत नेऊन सोडली गेली. तिथं कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला म्हसीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या म्हसीरांपैकी एक. आपला म्हसीर तिथं फोफावला आणि वशिंडवाला मागे पडत गेला. २०१८ मध्ये त्याला ‘टॉर रेमादेवी’ हे नेमकं शास्त्रीय नाव जोडलं गेलं, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. धरणं आणि वाळूउपसा यांचाही त्यात वाटा आहे, सगळा दोष पिल्लांचा नाही. पण म्हसीर म्हणजे म्हसीर, असं धरून मोजलं असतं तर कावेरीत सगळं छान चाललंय असंच वाटलं असतं.

काका : म्हणजे पुन्हा तेच. किती, यापेक्षा कोणते.

मृण्मयी : आणि कोणत्या वयाचे. मोठा म्हसीर कित्येक वर्षं जगतो. अंडी घालायची वाट बंद झाली तरी जुने मासे डोहात दिसत राहतात. पाहणी करणारा लिहितो, ‘जात उपलब्ध’. पुढे ते म्हातारे मेले की जात एका झटक्यात संपते. म्हणून मी मासा दिसला का, याच्याबरोबर बोटुकलं दिसलं का, हेही विचारते. माशाच्या कानातल्या खड्यावर झाडासारखी वलयं असतात, त्यावरून वय काढता येतं. आता तर नदीचं बाटलीभर पाणी गाळून त्यातल्या जनुकांवरून कोणत्या जाती तिथं आहेत, त्याचा अंदाज घेता येतो. पण पिल्लं आहेत की म्हातारे, हे पाणी सांगत नाही. त्याला जाळंच लागतं, आणि तेही बारीक आसाचं, नाहीतर मुऱ्या निसटतात.

काका : तू मघापासून जाळ्याबद्दल बोलतेस. मला एक गोष्ट खटकते. इतकी वर्षं मी तिथं होतो, मासे मोजणारे अभ्यासक आले, गेले. एकानंही माझ्याकडे लॉगबुक मागितलं नाही.

मृण्मयी : कसलं लॉगबुक?

काका : कोणत्या तासाला किती पाणी सोडलं, जलाशयाची पातळी किती, दारं किती फूट उचलली, वीजगृह किती वाजता चालू, किती वाजता बंद. तासातासाची नोंद असते. तुम्ही लिहिता, ‘धरणामुळे प्रवाहात बदल झाला’. केवढा बदल, कोणत्या आठवड्यात, किती तासांत, हे आमच्या वहीत आहे. तुमच्याकडे मासे आहेत, आमच्याकडे पाणी आहे. एकमेकांना न विचारता दोघं आपापलं वाचत बसतात.

मृण्मयी : काका, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?

काका : तू आधी भांडायला आलेली असतेस! पण खरंच सांगतो. ज्या वर्षी पाऊस लवकर झाला, धरण लवकर भरलं आणि जुलैतच पाणी सोडावं लागलं, त्या वर्षीची पिल्लं वेगळी काढ. ज्या वर्षी उशीर झाला ती वेगळी. तुझं म्हणणं बरोबर असेल तर पहिल्या प्रकारच्या वर्षांत जन्मलेले मासे जास्त मिळतील.

मृण्मयी : कानातल्या खड्यावरून जन्माचं वर्ष काढायचं आणि तुमच्या वहीतल्या त्या वर्षाच्या विसर्गाशी ताडून बघायचं. म्हणजे आधीचं माप नसलं तरी धरणाचं स्वतःचं वागणंच प्रयोग होतो.

काका : आणि उत्तर तुझ्यासारखं आलं, तर इलाजही त्याच वहीत आहे. जूनच्या शेवटी एक दिवस ठरावीक पाणी सोडून लोंढा आणता येईल का, त्याची वीज किती बुडेल, हे मी हिशेब करून सांगू शकतो. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्रानं २०१८ मध्ये पावसाळ्यात तीस टक्के प्रवाह ठेवायचा नियम केला. इथं टक्केवारीपेक्षा तारीख महत्त्वाची दिसते.

मृण्मयी : आणि उत्तर तुमच्यासारखं आलं, तर धरणावरचा एक आरोप आम्हाला जाहीरपणे मागे घ्यावा लागेल.

इथं दोघांचं एकमत झालं, म्हणून विषय संपत नाही. पंचवीस मेगावॉटपेक्षा लहान जलविद्युत प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरीचीच गरज नाही, त्यामुळे तिथल्या ओढ्यांत कोणते मासे होते हे विचारायचं बंधन कुणावर नाही. दुसरीकडे सह्याद्रीत आता उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे. भिवपुरी आणि शिरवटा इथल्या अशा प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये राज्य सरकारशी करारही झाले. वीज शिल्लक असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं, असं त्यांचं काम. नदीचं पंचांग तिथं वर्षाऐवजी दिवसाला हलणार आहे.

कोयनेच्या वेळी कुणी मळ्या आणि मुरी मोजली नाही, कारण ते मोजायचं असतं हेच कुणाच्या ध्यानी नव्हतं. आज ती सबब उरलेली नाही. भिंतीचा पहिला दगड बसण्याआधी किमान काही वर्षं, सगळ्या हंगामांत, जातवार आणि वयवार माशांची नोंद व्हावी. शेजारच्या मोकळ्या ओढ्यांचीही तशीच व्हावी. आणि प्रकल्प सुरू झाल्यावर वीजगृहाची तासवार विसर्गनोंद कुठल्याही अभ्यासकाला मागताच मिळावी. एवढ्या तीन अटी मंजुरीच्या कागदावर घातल्या तर पन्नास वर्षांनंतर काका-पुतणीला अंदाजावर भांडावं लागणार नाही. आपल्या तालुक्यात जनसुनावणी असेल तर वाचकांनी तिथं जाऊन या तीन अटींबद्दल जरूर विचारावं.